पहिल्या पाच प्रकरणांत किती पेरावं? ('ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या निमित्ताने)

कंदील (धागाकर्ता)

कादंबरी लिहायला बसलेल्या प्रत्येकाला हल्ली एकच सल्ला मिळतो: पहिल्या पानावर काहीतरी घडवा, वर्णनं नंतर बघू. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. उदाहरण म्हणून डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घेतो. (कथानक फुटणार आहे. पण १८६१ साली संपलेल्या गोष्टीचा स्पॉयलर म्हणून कुणी भांडू नये.)

इंग्लंडातल्या केंट परगण्यातली, थेम्सच्या मुखाकडची दलदल. नाताळच्या आदल्या दिवशीची सांजवेळ. पिप नावाचं पोरकं पोर दफनभूमीत उभं आहे. आईबाप त्याने पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून बाप कसा दिसत असेल हे तो ठरवतो. तेवढ्यात पायात बेडी असलेला एक कैदी त्याला पकडतो, उलटा धरून खिसे रिकामे करतो आणि दम भरतो: खायला आण, कानस आण.

आता यात वर्णन कुठे संपलं आणि घटना कुठे सुरू झाली, दाखवा बरं. नदीत कैद्यांची जुनी जहाजं नांगरलेली नसती तर हा माणूस दलदलीत आलाच नसता. पिप लोहाराच्या घरात वाढत नसता तर कानस कुठून आणणार होता? जागा बदलली की गोष्टच उरत नाही.

तीच कानस दहाव्या प्रकरणात एक अनोळखी माणूस गुत्त्यात काढतो आणि तिने ग्लासातली रम ढवळतो. पिपच्या बहिणीवर हल्ला होतो तेव्हा शेजारी कापलेली बेडी सापडते. पिपला श्रीमंत करणारा अज्ञात उपकारकर्ताही शेवटी हाच कैदी, मॅग्विच, निघतो. तरी पहिल्या वाचनात कानस 'पेरलेली' वाटत नाही. आपलं सगळं लक्ष चोरी पकडली जाईल का, बहीण छडी काढेल का, याकडे असतं. माझं म्हणणं एवढंच, की पुढे उगवणाऱ्या वस्तूला पेरल्या जागीही स्वतःचं काम हवं.

तिरपागडा

हे सगळं दुसऱ्या वाचनातलं शहाणपण. शेवट माहीत असला की पहिल्या पानावरचा कावळासुद्धा अर्थपूर्ण दिसायला लागतो.

आणि सुरुवातीतच शेवट दडलेला होता म्हणता, तर डिकन्सने तो बदलला कसा? मूळ शेवटात पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला कायमचे दुरावतात. छापायच्या आधी बुल्वर-लिटन या लेखकमित्राने आग्रह धरला आणि दोघं एकत्र येतील अशी आशा ठेवणारा नवा शेवट आला. पहिली प्रकरणं जशीच्या तशी राहिली आणि शेवट उलटा झाला. मग पेरलं काय होतं?

कंदील

कैदी पेरला होता. त्याचा शेवट कुणाच्या सांगण्यावरून बदललेला नाही. एस्टेला पहिल्यांदा येतेच आठव्या प्रकरणात, त्यामुळे तिचं काय करायचं हे शेवटपर्यंत मोकळं राहिलं. माझ्या बाजूचा पुरावा तुम्हीच दिलात, आभार.

रद्दीचा गठ्ठा

दोघंही यात फार कला शोधताय. कादंबरी डिकन्सच्या स्वतःच्या साप्ताहिकात, 'ऑल द इयर राउंड'मध्ये, १ डिसेंबर १८६० पासून ३६ हप्त्यांत आली. तेव्हा तिथे चार्ल्स लीव्हरची मालिका चालू होती आणि खप घसरत होता, म्हणून मालकाला स्वतः मैदानात उतरावं लागलं. पहिल्या हप्त्यात दोन प्रकरणं. त्यात कैदी नसता तर पुढचा अंक घेतला कोणी असता? शिवाय छापून गेलेला हप्ता परत बोलावता येत नाही, म्हणून कानस, बेडी वगैरे सामान आधीच मांडून ठेवायचं. लागेल ते उचलू! धंद्याची गरज होती हो ती.

बाभूळबन

धंद्याची गरज असली म्हणून काम वाईट ठरत नाही. पण माझा आक्षेप वेगळा आहे. कानस-बेडीचा हा हिशेब रहस्य असलेल्या कादंबरीला ठीक. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. इथे कुठलीही वस्तू पेरावी लागत नाही. त्या कोरड्या मुलखात पावसाच्या भरवशावर जगणारी माणसं एकदा दिसली, की दुष्काळ हा धक्का राहत नाही. तिथे मुलूखच पूर्वसूचना देतो.

उलट नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीने जाते. ते आधी सूचित केलं असतं तर मला पुस्तक मिटवावंसं वाटलं असतं. घरातलं लहान पोर जातं ते कथानकाची सोय बघून जात नाही.

तिरपागडा

'कोसला'बद्दल +१.

कंदील

बाभूळबन, मुलुखाचं पटलं. डिकन्सच्या दलदलीबद्दल मीही तेच म्हणत होतो. मनीबद्दल वादच नाही.

पण पेरणी फक्त वस्तूंची नसते. पाचवं प्रकरण बघा. नाताळच्या जेवणावेळी शिपाई दारात येतात. पिपला वाटतं, आपल्यालाच धरायला आलेत. त्यांना हवा असतो लोहार, कारण हातकडीचं कुलूप बिघडलंय. पिपचा मेव्हणा, 'जो' नावाचा लोहार, ती दुरुस्त करून देतो आणि त्याच रात्री कैदी सापडतो. पोरावर आळ येऊ नये म्हणून कैदी सगळ्यांदेखत सांगतो, लोहाराच्या घरातलं खाणं मीच चोरलं. त्यावर जो म्हणतो, तू काय केलंस ठाऊक नाही, पण कुणी उपाशी मरावं असं आम्हाला वाटत नाही.

कैदी पिपसाठी काय करू शकतो ते इथे दिसलं. जो कसा आहे तेही दिसलं. पुढे पैसा आल्यावर पिप याच जोची लाज बाळगतो, तेव्हा वाचकाला पिपचाच राग येतो. तो राग पाचव्या प्रकरणाची कमाई आहे. हप्त्याच्या गरजेने कानस येईल, हे वाक्य येत नाही.

रद्दीचा गठ्ठा

जोचा प्रसंग भारीच. पण मॅग्विच एस्टेलाचा बाप निघतो, ते तुमच्या पाच प्रकरणांत कुठे आहे?

कंदील

तिथे नाही. सव्विसाव्यात आहे. वकील जॅगर्स जेवायला आलेल्यांना आपल्या घरकामवालीची, मॉलीची, मनगटं मुद्दाम दाखवतो. तीच एस्टेलाची आई.

तिरपागडा

५९ प्रकरणांच्या कादंबरीत सव्विसावं? याला आमच्याकडे ठिगळ म्हणतात.