कोविडचे मृत्यू आणि दरवर्षीचा फ्लू : तुलना करायची कशी?

दर्यापूरकर (प्रश्न)

आमच्या गावात पारावर अजूनही हा वाद निघतो. काहींचे म्हणणे असे की २०२१ साली मेलेल्या प्रत्येकावर कोविडचा शिक्का मारला गेला, आणि साध्या फ्लूनेही जगात दरवर्षी साडेसहा लाख माणसे दगावतात, मग एवढा गहजब कशाला? इतर सांगतात की घरीच गेलेली माणसे कोणत्याच आकड्यात आली नाहीत. यातले खरे काय मानावे, आणि ऐंशी वर्षांच्या आईसाठी फ्लूची कितपत धास्ती बाळगावी?

निवृत्त आरोग्यसेवक

साडेसहा लाख हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाचे वरचे टोक आहे. खालचे टोक २ लाख ९० हजार आहे. शिवाय ही तपासलेल्या रुग्णांची बेरीज नसून गणिताने काढलेला अंदाज आहे. भारतातील कोविडचे अधिकृत मृत्यू, म्हणजे सुमारे ५ लाख ३३ हजार, हे मात्र मुख्यतः चाचणी झालेल्यांचे आहेत. एक ढीग पायलीने आणि दुसरा किलोने मोजून मोठा कोणता ते ठरवण्यासारखेच हे झाले. २००९ च्या स्वाइन फ्लूत प्रयोगशाळेने निश्चित केलेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजारांच्या आसपास होते, तर नंतरच्या अभ्यासाने तेच दीड ते पावणेसहा लाखांच्या दरम्यान धरले.

शिक्क्याचे म्हणाल, तर २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. घरी गेलेल्या माणसाची नोंद ग्रामसेवकाकडे होते, तेव्हा नातेवाईक ‘ताप’, ‘दम लागून’, ‘म्हातारपण’ असे जे सांगतील तेच कारण लिहिले जाते. पुरुषाची नोंद सातबाऱ्यावर वारस चढवायचे म्हणून तरी होते. जिच्या नावावर शेत नाही, त्या म्हातारीची नोंद राहून गेलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

शंकासुर

काका, मान्य आहे. पण मग एकूण मृत्यू वाढलेले दिसतात, ते नोंदणी सुधारल्यामुळे कशावरून नसतील? मृत्यूच्या दाखल्याशिवाय कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजारांचे अनुदान मिळत नव्हते, त्यामुळे लोक नोंदणीला धावलेच असणार.

यवतमाळची संख्याशास्त्र शिक्षिका

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नोंदणीच्याच आकड्यांत सापडते. देशात २०१८ मध्ये सुमारे ६९.५ लाख, २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख मृत्यू नोंदले गेले. पहिल्या दोन वाढी पाच ते सात लाखांच्या आहेत. तिसरी एकदम एकवीस लाखांची आहे. केवळ नोंदणी सुधारली असती, तर आकडा पुढेही चढाच राहिला असता. पण २०२२ मध्ये तो ८६.५ लाखांवर उतरला. २०२० च्या टाळेबंदीत राहिलेल्या काही नोंदी २०२१ मध्ये झाल्या असतील आणि अनुदानाचाही थोडा हात असेल, हे मी नाकारत नाही. पण एवढी उसळी त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख अधिकचे मृत्यू, म्हणजे साथ नसती तर अपेक्षित असलेल्यांपेक्षा जास्तीचे मृत्यू, धरले. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर हरकत घेतली, आणि त्या अंदाजाची मर्यादा रुंद आहे हेही खरे. शिवाय अधिकचा प्रत्येक मृत्यू थेट कोविडचाच असतो असेही नाही. तरीही दोन रोगांची तुलना करताना एकूण मृत्यूंचे माप मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ते चाचणीवर अवलंबून नाही. १९१८ च्या साथीत आपला मध्यप्रांत व वऱ्हाड फार होरपळला. तेव्हा विषाणूची चाचणीच नव्हती, आणि हानीचा अंदाज मृत्यूनोंदी व १९२१ च्या जनगणनेवरूनच बांधावा लागला. ती साथही फ्लूचीच होती, म्हणून ‘साधा फ्लू’ हा शब्दप्रयोग मला खटकतो.

निवृत्त आरोग्यसेवक

दर्यापूरकर, आईबद्दलचे राहिले. आपल्याकडे फ्लू मुख्यतः पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. विषाणू बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. ती पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल तर धोका आणखी वाढतो. ताप आल्यावर दुकानातून गोळ्या आणून चार दिवस वाट पाहत बसू नका, कारण फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तरच त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. धाप लागली किंवा त्या भ्रमल्यासारखे बोलू लागल्या, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.