एमजीबीचे शॉकप आणि स्प्रिंगा: पूर्ण किट घालू की मूळचंच दुरुस्त करू?

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी. चुलत्यांची १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आता माझ्याकडे आहे. क्रोम बंपरची, तारेच्या चाकांची. इंजिनाचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात छान झालं, १७९८ सीसीचं ते इंजिन आता एका सुरात चालतं. त्रास आहे तो खाली.

मागून गाडी पार बसलीय. पाट्यांचा (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांचा) वाक गेलाय आणि ड्रायव्हरची बाजू डावीपेक्षा बोटभर खाली आहे. पुढे उजव्या शॉकपवर तेलाचा ओघळ दिसतो. स्पीडब्रेकर उतरला की नाक दोनतीनदा डुलतं. मिरज रोडला चालून जातं, पण हायवेला सत्तरऐंशीच्या वेगात लांब उंचवटा आला की मागचा भाग तरंगतो आणि गाडीचा भरवसा वाटेनासा होतो.

इंग्लंडहून पूर्ण किट मागवता येतं: पुढे एक इंच खाली बसणाऱ्या कडक वेटोळ्या स्प्रिंगा, मागे नवे पाटे, आणि मूळच्या लिव्हर शॉकपच्या (हात फिरून आतलं तेल ढकलणाऱ्या) जागी स्पॅक्स कंपनीचे टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) शॉकप. इकडे ट्रकचे पाटे करणारे एक जण म्हणतात, "एक पाटा वाढवून देतो, जन्मात बसणार नाही." मला गाडी रेसला न्यायची नाही. आम्ही नवराबायको, मागे एखादी बॅग, पाऊस सरला की कास, जमलं तर पसरणी घाटाने पाचगणी. मूळची जशी चालायची तशी चालावी, एवढंच मनात आहे. सुरुवात कुठून करू?

मिरजकर

दादा, लिव्हर शॉकपच्या नादाला लागू नका. आतलं काम जाणणारा माणूस सापडत नाही, नुसतं सील बदललं की थोड्याच दिवसांत पुन्हा ओघळ. टेलिस्कोपिक घातले की कडक-मऊ करायची सोय मिळते, आणि खराब झाले तर काढले, नवे लावले. खर्च एकदाच होऊ दे.

यवतेश्वर घाट, सातारा

विश्रामबागकर, घाईने किट मागवू नका. माझी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली, पाट्यांशी रोजचा संबंध. घरी स्टँडर्ड हेराल्ड आहे, आणि पुण्याच्या एका मित्राची एमजीबी खालून पूर्ण उघडून बसवलेली आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

मिरजकरांचा मुद्दा मागच्या शॉकपना लागू पडतो, पुढच्यांना नाही. एमजीबीला पुढे जो आर्मस्ट्राँगचा लिव्हर शॉकप आहे, त्याचे हातच वरचा विशबोन (चाकाला वरून धरणारा दुहेरी हात) आहेत. किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं, वरचं टोक त्यांनाच धरलेलं असतं. त्यामुळे टेलिस्कोपिक किट घातलं तरी पुढचा जुना शॉकप जागेवरच राहतो, फक्त त्याचं डुलणं आवरायचं काम काढून घेतात. म्हणजे त्याचा शाफ्ट झिजला असेल तर नवं किट घालूनही चाक वरून हलणारच, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलत राहणार, टायर एका बाजूने खाणार. ती दुरुस्ती टळत नाही. मग ती नीटच करून घेतली तर टेलिस्कोपिकची गरज उरते का, हे बघा.

तपासायचं कसं ते सांगतो, पण आधी एक गोष्ट, आणि ही मनावर घ्या. पुढचा शॉकप सोडवण्याआधी स्प्रिंगच्या खालच्या पॅनखाली भक्कम जॅक हवाच. वरचा विशबोन सुटला की दाबलेल्या स्प्रिंगला अडवणारं काही राहत नाही. हात, तोंड, काहीही वाचत नाही. कोणी "आपण नेहमी असंच करतो" म्हणालं तरी ऐकू नका.

शॉकप टेबलावर आला की हात वर-खाली सावकाश फिरवा. पूर्ण फेरीत सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच मोकळा गेला तर तेल कमी आहे, हवा शिरलीय किंवा व्हॉल्व्हमध्ये घाण आहे. मग तोच हात शाफ्टपाशी धरून आडवा हलवा. तिथे खेळ जाणवला की सील बदलून उपयोग नाही, म्हणून तर मिरजकर म्हणतात तसा ओघळ परत येतो. शाफ्ट ग्राइंड करून त्या मापाचं गनमेटलचं बुश (शाफ्टभोवतीची नळी) बसवावं लागतं. सांगली-कोल्हापुरात हे काम करू शकणारे टर्नर आहेत, फक्त त्यांना "गळती बंद करा" असं न सांगता "खेळ काढा" असं सांगा.

तेल भरताना झाकणाभोवतीची माती आधी पुसून काढा, एक खडा व्हॉल्व्हमध्ये गेला तर सगळी मेहनत वाया. इंजिन ऑइल नको. मोटारसायकलच्या फोर्कचं २० ग्रेडचं तेल चालतं. भरत भरत हात पंप करा, बुडबुडे थांबले की वर थोडी जागा सोडून बंद करा. दाट तेलाचा मोह होतो. त्याने संथ डुलणं कमी होतं, पण तुटक्या रस्त्याचा दणका थेट अंगात येतो.

आता पुढच्या स्प्रिंगा. एक इंच खाली नेणाऱ्या स्प्रिंगा आपल्या रस्त्यांसाठी नाहीत. तो इंच चाकाच्या वर जायच्या जागेतून कापला जातो, म्हणजे बंपस्टॉप (शेवटी अडवणारा रबर) लवकर लागतो, आणि सायलेन्सर स्पीडब्रेकरला घासतो तो वेगळा. कडक झाल्याने गाडी चांगली वळते असंही नाही. खडबडीत वळणावर कडक स्प्रिंगचं चाक रस्ता सोडून उडतं, मऊ स्प्रिंगचं चाक चिकटून राहतं. एमजीबी अंदाजे ९२० किलोची गाडी आहे, तिला मूळच्या स्प्रिंगा आणि नीट काम करणारे शॉकप पुरतात.

मागवताना "एमजीबीची स्प्रिंग" एवढंच लिहून चालत नाही. पक्क्या छपराच्या जीटी मॉडेलची स्प्रिंग रोडस्टरपेक्षा कडक असते, कारण छपरामुळे ती गाडी जड. १९७४ च्या अखेरीपासून रबर बंपर आले तेव्हा गाडी उंच केली होती, तिची स्प्रिंगही वेगळी. तुम्हाला क्रोम बंपर रोडस्टरचीच हवी. विकणाऱ्याकडून मोकळी लांबी, कडकपणाचा आकडा आणि तारेची जाडी लेखी घ्या, आणि जुनीच्या शेजारी ठेवून बघा. तार फक्त १० टक्के जाड असली तरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, व्हर्नियरला (बारीक मोजपट्टीला) दिसतो. आणि उंची कमी करायला कोणी वेढा कापू म्हणालं तर हात जोडा. वेढे कमी झाले की स्प्रिंग बुटकी होते आणि कडकही होते.

त्या पाटेवाल्यांना दुखवू नका, ते ट्रकचा विचार करतात. ट्रकवर रोज टनांनी माल चढतो, तुमच्या गाडीत एक बॅग. वाढीव पाट्याने मागचा भाग उंच आणि ताठ होईल, मागची दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल प्रत्येक खड्ड्यावर उसळेल. शिवाय मूळ पाटा ५ मिलिमीटरचा आणि हाताशी पट्टी ६ ची असं झालं, तर तो एकच पाटा जवळपास पावणेदोनपट कडक होतो.

पण यातलं काहीही करण्याआधी गाडी मोजा. दगडी फरशीवर किंवा सपाट काँक्रीटवर उभी करा, पुढेमागे ढकलून सोडा. हबच्या (चाकाच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही चाकांना. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची हवा मिसळते. मग पुढच्या क्रॉसमेंबरच्या (दोन चाकांमधल्या आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध जॅक लावून नाक थोडं उचला आणि मागचं पुन्हा मोजा. आकडे इथे टाका.

विश्रामबागकर, सांगली

काका, खूप आभार. आज सकाळी मोजलं. पुढे उजवीकडे ३५२ मिलिमीटर, डावीकडे ३५६. मागे उजवीकडे ३२८, डावीकडे ३४४. नाक मधोमध उचलल्यावरही मागे उजवी बाजू तेवढीच खाली राहिली. याचा अर्थ काय घ्यायचा?

यवतेश्वर घाट, सातारा

फार चांगलं मोजलंत. मधोमध जॅक असताना पुढच्या स्प्रिंगा गाडीला डावी-उजवी तोलू शकत नाहीत. तरीही झुकाव राहिला म्हणजे दोष मागच्या उजव्या पाट्यात आहे. पुढचा चार मिलिमीटरचा फरक बहुधा त्याचाच परिणाम. पुढच्या स्प्रिंगांना आत्ता हात लावू नका, मागवूही नका. आधी पाटे, बुश आणि शॉकप.

ऐरण, तासगाव

मी पाट्यांचंच काम करतो म्हणून लिहितो. काका म्हणाले ते खरं आहे, पाटा वाढवू नका. पण जुना नुसता थंड ठोकून वाक दिला तर तोही थोड्या काळात उतरतो. पाटा भट्टीत लाल करून वाक द्यायचा, तेलात विझवायचा, मग पुन्हा ठरावीक उष्णतेवर तापवून टेम्पर करायचा. टेम्परिंग टाळलं तर पाटा ठिसूळ राहतो आणि एक दिवस तुटतो. असा कारखाना गाठा जिथे भट्टीला तापमानाचा काटा आहे. नवे करायचे असतील तर ईएन ४५ पोलाद मागा, आणि जाडी, रुंदी, पाट्यांची संख्या जुन्याइतकीच.

दोन्ही बाजूंचे एकदमच करा, एक कधीच नाही. सेंटर बोल्टपासून पुढच्या डोळ्यापर्यंतचं (पाट्याच्या टोकाच्या गोल भोकापर्यंतचं) अंतर मोजून लिहून द्या, तो मधोमधच असेल असं धरू नका. सगळ्यात वरचा पाटा काढून डोळ्याजवळ नखाने चाचपून बघा. केसाएवढी चीर नखाला अडकते. चीर असेल तर तो पाटा भट्टीत घालूच नका, नवा करा.

विश्रामबागकर, सांगली

ऐरणदादा, सुट्टी बघून पाटे घेऊन तासगावला येतो. काका, बुश रबरचे घालू की पॉलियुरेथेनचे? आणि बसवताना काही विशेष?

यवतेश्वर घाट, सातारा

पाट्यांना रबरच घाला. पॉलियुरेथेन टिकतं, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतं आणि रस्त्याची थरथर बॉडीत आणतं. पुढच्या खालच्या विशबोनला मात्र एमजीबी जीटी व्ही८ चे बुश घाला. रबराला बाहेरून धातूची नळी असते, मूळच्यापेक्षा भक्कम, आणि गाडी तरीही मऊ राहते.

मागच्या ॲक्सलचे रिबाउंड पट्टे (ॲक्सल फार खाली लटकू न देणारे) आणि बंपस्टॉपचे रबर बघा, इतक्या वर्षांत तडकलेले असणार. पाटे बसवताना डोळ्याचे आणि शॅकलचे (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) नट आधी सैलच ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, दोघं आत बसा, तिसऱ्याकडून तेव्हा आवळून घ्या. गाडी लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, उंचीही चुकते. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळा. टो-इन (पुढच्या चाकांची आतली दिशा) त्यानंतरच बघा, आणि चारही आकडे परत घेऊन इथे टाका. पुढची उंची तेव्हा बरोबर आली तर स्प्रिंगांचे पैसे वाचले.