ऊसतोडीच्या तळावरच्या पोरांना कुठली पुस्तकं द्यावीत?

प्रश्न: आमच्या जवळच्या कारखान्यावर बीडकडच्या टोळ्या आल्यात, त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) १५-२० पोरं दिवसभर असतात. सोसायटीतून २ खोकी पुस्तकं जमवली पण निम्मी दहावीची गाइडं निघाली, काय करू?

उत्तर १: गाइडं रद्दीत घाला अन् त्या पैशात नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पातळ पुस्तकं घ्या, स्वस्त असतात. मोठा टाइप, पानावर २-३ ओळी बास. मी एका तळावर जायचे, दुसरीतल्या पोरीने बोट ठेवून 'बै-ल' वाचलं आणि पळत जाऊन गाडीचा बैल दाखवला मला, अजून डोळ्यासमोर आहे.

उत्तर २: नुसती वाटून येऊ नका हो, आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, संध्याकाळी कुणीतरी बसून वाचून दाखवायला पाहिजे. फाटली तर फाटू देत, कुलपात ठेवू नका. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळ्या गावी निघतात, तेव्हा एकेक पुस्तक पोरांसोबत जाऊ द्या.

प्रश्नकर्ता: रविवारी जातोच. काही पोरं घरी बंजारा बोलतात, त्यांना मराठी झेपेल?

उत्तर २: आधी चित्र बघून त्यांच्याच बोलीत गोष्ट सांगू द्या, मग ओळी वाचा.