मदत हवी आहे: हत्तीच्या नावानं घात केला, लहान मुलांची गोष्ट आहे

अनगोळकरीण

नमस्कार मंडळी. मी बेळगावात अनगोळला राहते, दर रविवारी सकाळी घरी गल्लीतली दहा-बारा पोरं जमवून गोष्टी वाचून दाखवते, त्यातल्याच माझ्या स्वतःच्या सहा गोष्टींचं छोटं पुस्तक काढायचं चाललंय, डीटीपी झालंय, चित्रं झालीत, प्रेसवाला रोज फोन करतोय. आणि आता हे.

पहिलीच गोष्ट खानापूरच्या जंगलातल्या हत्तीची आहे. त्याला मोठ्ठे सुळे, म्हणून बाकीचे प्राणी त्याला 'सुळे' अशीच हाक मारतात. माकड झाडावरून ओरडतं, "ए सुळे, इकडं ये!" मग ससा ओरडतो, मग खार. पोरांनी मागोमाग ओरडावं म्हणून मी मुद्दाम ती हाक सात-आठ वेळा घातलीय. परवा वाचली, मराठी पोरं जोरात ओरडायलीत आणि कन्नड घरातली तिघं तोंडावर हात दाबून लोळायलीत. मला काही कळेना. तेवढ्यात त्यातल्या एकाची आज्जी त्याला न्यायला आली, ती दारातच थांबली आणि म्हणाली, "एनवा इदु!" म्हणजे, हे काय गं!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कन्नडात सूळे म्हणजे वेश्या, आणि आपल्याकडं बोलताना ते सूळी होतं, रस्त्यावरच्या भांडणात दुसरी-तिसरी शिवी तीच असते. ऱ्हस्व-दीर्घ कागदावर, बारा पोरं एका सुरात ओरडली की कुठला ऱ्हस्व आणि कुठला दीर्घ? मी जन्मापासून इथं, दोन्ही भाषा बोलते, बाजारहाट सगळा कन्नडात करते, तरी लिहिताना एकदाही लक्षात आलं नाही याचीच जास्त लाज वाटली. मराठी लिहायला बसलं की कन्नड कान बंदच होतो बहुतेक.

आता भीती अशी बसलीय की बाकीच्या पाच गोष्टींतसुद्धा प्रत्येक शब्द संशयानं बघायलीय. एका गोष्टीत आजोबांच्या खोऱ्याचा दांडा मोडतो आणि ते तो घेऊन सुताराकडं जातात. तिथं आठवीतला एक जण खुदकन हसला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. दुसरीत राजाला 'उच्चासन' दिलंय. इथल्या कन्नडात उच्ची म्हणजे शू. म्हणजे राजा कशावर बसला ते तुम्हीच बघा.

तर, छापण्याआधी असलं पकडायचं कसं? आणि बदलायचं किती? सगळंच गाळत बसले तर गोष्टीत 'एक होता राजा' एवढंच राहील.

खानापूर स्टँड

ताई हसून हसून पाणी आलं डोळ्यात, सॉरी. पण नाव बदलाच. ओळीतला एखादा शब्द निघून जातो, हाक राहते. पोरं ती गोष्ट संपल्यावर गल्लीभर ओरडत फिरणार, आणि पुस्तक मराठी शाळेत गेलं तरी तिथं कन्नड विषय आहेच की ओ, पहिल्या दिवशी कुणीतरी फोडणारच.

जुनी वही

मी काही वर्षं मुलांसाठी लिहितोय. दांडा ठेवा. खोऱ्याला दांडा असतो त्याला लेखकानं काय करायचं. पण वाक्य तपासा. माझा अनुभव असा की आपल्या मराठीत घोटाळा नामापेक्षा क्रियापदात जास्त असतो. घालणे, काढणे, लावणे, बसवणे, मारणे, ही क्रियापदं काय घातलं, कुणाला लावलं हे न सांगता एकटी सोडली की मोठ्यांचे कान टवकारतात. 'आजोबांनी सुताराकडून बसवून घेतला' असं असेल तर हसणारच. 'सुतारानं खोऱ्याला बाभळीचा नवा दांडा बसवला' म्हणा, लाकडाचं नाव आलं की डोळ्यासमोर खोरंच येतं. चित्रांच्या पुस्तकात आणखी एक बघायचं, वाक्य पानावर तुटतं कुठं. अर्धं वाक्य उजव्या पानाच्या तळाशी लटकलं की वाचणारा पान उलटेपर्यंत भलतंच पूर्ण करून ठेवतो.

आणि फार घाबरू नका. आमची आजी कोडी घालायची ती ऐकायला एकदम भलती आणि उत्तर निघायचं जातं नाहीतर कणगी. घरातली सगळी पोरं समोर बसलेली असायची. फरक एवढाच की आजीला दोन्ही अर्थ माहीत असायचे, आपल्याला आपलाच दुसरा अर्थ माहीत नसतो, तिथं फजिती.

अनगोळकरीण

अय्यो, माझं वाक्य जवळजवळ तसंच आहे. 'सुताराकडून नीट बसवून घेतला आणि आजोबा खूश झाले.' आत्ता बदलते.

गणपत गल्ली

पकडायचं कसं विचारलंत म्हणून सांगतो. स्वतः वाचू नका, दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावा आणि तुम्ही ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडं बघा. ऐकायला आठवीतला एक वात्रट पोरगा पाहिजेच, एक कन्नड शेजारीण, एक घरात उर्दू बोलणारं कुणीतरी, आपल्या गावात तिन्ही एका जिन्यात मिळतात. कशाला हसलास विचारू नका, पोरगा सांगणार नाही. ओळीवर पेन्सिलनं फक्त टिंब द्या आणि नंतर शेजारणीला विचारा.

सगळे दुहेरी अर्थ काय घाण नसतात म्हणा. आमच्या शाळेत 'कोळी आणि माशी' गोष्टीचं चित्र काढायला सांगितलं तर एकानं जाळ्यात बसलेली कोंबडी काढली, कन्नडात कोळी म्हणजे कोंबडीच की. असले ठेवावेत, मजा येते. उच्चासनसुद्धा मी ठेवलं असतं. शू म्हटल्यावर सहा वर्षाचं पोर हसतं, त्यात कुणाचा अपमान नाही. सूळी शब्दानं बाईमाणसाचा होतो, दारातली आज्जी त्यामुळं थांबली.

चंदगडी मिरची

हत्तीला सुळे म्हणतंय कोण? आमच्याकडं 2002 च्या सुमारास तुमच्या कर्नाटकातूनच हत्ती आले, तेव्हापासून ऊस आणि भात आम्ही त्यांच्यासाठीच लावतो असं वाटतंय. इथं शेतकऱ्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळे सुळेवाल्या हत्तीला टस्कर म्हणतात. "टस्कर आला रे!" एवढं म्हटलं की गाव जागं. तेच नाव द्या, ओरडायला पण दणदणीत आहे.

अनगोळकरीण

टस्कर! इतकं जवळ असून सुचलं नाही. काल रविवार होता, शेजारच्या अक्कांना आणि त्या आज्जींना मुद्दाम चहाला बोलावून बसवलं, वाचायला आठवीतल्या त्याच महाशयांना दिलं. "ए टस्कर, इकडं ये" वर पोरांनी घर डोक्यावर घेतलं, आज्जी कुंदा खात ऐकत होत्या. टिंबं तीनच पडली. दोन दांड्याच्या गोष्टीत, ती वाक्यं दुरुस्त केली. तिसरं उच्चासनाला, ते आज्जीच हसल्या म्हणून ठेवलंय.

एकच राहिलं. शेवटच्या पानावर हत्तीचं चित्र आहे, अवयवांना बाण दाखवून नावं दिलीत, त्यात सोंड, कान, शेपूट आणि सुळे. ते काढून 'दात' लिहू का?

जुनी वही

राहू द्या. बाणाच्या टोकाला सुळाच दिसतोय, आणि मराठी पोरांना तो शब्द आला पाहिजे. तिथं कुणी ओरडत नाही.