घोड्याचा खुराक आणि माझा रविवारचा ट्रे

ओव्हनवाली:
पोह्यांच्या धाग्यावर 'खवट खोबरं' यांनी काल लिहिलं, "फळं घालून बेक केलेले ओट्स म्हणजे इन्स्टाग्रामी फॅड. घोड्याचा खुराक ओव्हनमध्ये घातला की न्याहारी होत नाही." तिथेच उत्तर लिहायला बसले, पण फारच लांबलं म्हणून वेगळा धागा.

चौदा वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. हा प्रकार मला शेजारच्या आजींनी शिकवला, लँकेस्टरकडच्या. तिथल्या अमिश लोकांच्या, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, घरातली ही जुनी न्याहारी. ज्यांच्या घरात विजेची तारसुद्धा येत नाही, त्यांच्या पदार्थाला इन्स्टाग्रामी म्हणणं म्हणजे कमालच झाली.

रविवारी संध्याकाळी दोन कप रोल्ड ओट्स, पावणेदोन कप दूध, एक अंडं, चमचाभर बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी, थोडा गूळ, दोन सफरचंदांच्या फोडी, मूठभर अक्रोड. १८० डिग्रीला चाळीस मिनिटं. ट्रे हलवल्यावर मधे थलथलला नाही की झालं. कडा कुरकुरीत आणि आत साधारण खरवसाचा पोत. वड्या पाडून फ्रिजमध्ये टाकते, गुरुवारपर्यंत पुरतात.

सकाळी सहाला कांदा चिरून पोहे करा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या अपार्टमेंटमध्ये फोडणी घालून दाखवावी. मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म तडतडतो.

खवट खोबरं:
ताई, माझी दोन ओळींची पोस्ट होती. तुम्ही प्रबंध लिहिलात.

घोड्याचा म्हणालो ते चुकलं. गाईचा म्हणायला हवं होतं. आमच्याकडे मामा हिरव्या चाऱ्यासाठी ओट लावतात, राहुरीच्या विद्यापीठाचा 'फुले हरिता' वाण. गाई आवडीने खातात, दूधही चांगलं देतात.

मुद्दा असा की तुम्ही केलात तो केक. सकाळी उठून गोड खायचं आणि वर त्याला हेल्दी म्हणायचं, हे मला झेपत नाही. न्याहारी तिखटमिठाचीच. तांदळाची उकड करा, वर कच्चं तेल घ्या. दहा मिनिटांत होते, अलार्मही वाजत नाही.

शेंगदाण्याचा कूट:
ओट्सवर राग नाही, पण ओट्सवाल्यांवर आहे. आमच्या घरी नणंद आली की ओट्सचा डबा सोबत आणते आणि माझ्या उपम्याकडे बघून "रवा म्हणजे मैद्याचाच भाऊ" म्हणते. मग तेच ओट्स मध, खजूर, चॉकलेट घालून खाते. पुन्हा ओव्हन पाऊण तास चालू. विजेचं बिल कोण भरतं? तिचा भाऊ.

ओव्हनवाली:
@कूट, नणंदेचा हिशेब माझ्या ट्रेवर नको.
@खोबरं, हेल्दी हा शब्द मी एकदाही लिहिला नाही, वर जाऊन बघा. पण आता काढलाच आहात तर, ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) १९९७ सालीच पाकिटावर छापायची परवानगी दिली होती. बाकीच्या आहारात संपृक्त चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी ठेवून रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, एवढाच दावा. वजन उतरतं, चेहरा उजळतो वगैरे नंतर लोकांनी चिकटवलं. गूळ मी तीन चमचे घालते, नऊ वड्यांत. तुमच्या शिऱ्यात किती असतो?

वैद्यांची सून:
सगळे साखरेवर भांडताय, मूळ दोष कोणी बघतच नाही. दूध आणि फळ एकत्र! वर अंडं! विरुद्ध आहार. आमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं रुग्ण बघितले, त्वचेची तक्रार घेऊन कोणी आलं की पहिला प्रश्न हाच, फ्रूट सॅलड खाता का?

केळफूल:
झालं. आलं विरुद्ध आहाराचं भूत. मग शिकरणाचं काय करायचं? जळगावच्या माणसाने जेवायचंच नाही का? आमच्या आजीने आम्हा सात भावंडांना दूध-केळ्यावर वाढवलं. सातही धडधाकट, एकाचीही कातडी गळून पडली नाही.

वैद्यांची सून:
आजीचं उदाहरण म्हणजे पुरावा नाही. चरकसंहिता, सूत्रस्थान, सव्विसावा अध्याय वाचा. मासे-दूध, आंबट फळं-दूध, सगळं दिलं आहे.

केळफूल:
आजी पुरावा नाही आणि सासरे पुरावा, असं का बरं? आणि त्याच अध्यायात पुढे काय म्हटलंय तेही सांगा ना. ज्याला सवय आहे, ज्याचा अग्नी म्हणजे पचनशक्ती चांगली, जो तरुण आहे, व्यायाम करतो, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही. अर्धा श्लोक गिळून पंडित होऊ नका.

वैद्यांची सून:
भाषा सांभाळा. तुम्ही तरुण आहात आणि व्यायाम करता, असं समजून सोडून देते.

खवट खोबरं:
हा हा. धागा शिकरणावर गेला. ओव्हनवाली ताई, ट्रे गार झाला बघा.

गॅसवरचा बेकर:
दूध-फळाबद्दल स्वतःचा अनुभव, श्लोक नाही. मागच्या महिन्यात हेच ओट्स करायचे म्हणून ताजा अननस बारीक चिरून दुधात घातला, ओट्स टाकले, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बेक केलं. रंग सुरेख, वास सुरेख, आणि पहिला घास कडू जहर. मुलीने काढा म्हणून बाजूला सारला. आईने मात्र लगेच ओळखलं. म्हणाली, अननसाच्या शिऱ्यात आपण अननस आधी साखरेत शिजवून घेतो ना, उगाच नाही.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि ठेवलं की कडवटपणा येतो. कच्च्या पपईत, किवीतही तसलंच काही असतं. शिजवलं की त्याचा जोर संपतो. सफरचंद, केळं यांना काही होत नाही.

वैद्यांची सून:
म्हणजे फळ-दूध एकत्र नको, हेच झालं की!

केळफूल:
म्हणजे *अननस* नको. केळ्याला तिसऱ्यांदा निर्दोष सोडलंय.

शेंगदाण्याचा कूट:
अंड्याऐवजी काय घालायचं कोणी सांगेल का? नणंदेसाठी नाही, सहज विचारतेय.

ओव्हनवाली:
चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की तेच तुमचं अंडं. (सहज विचारताय हे लक्षात आलं!)

खवट खोबरं:
कबुलीजबाब. ओव्हन नाही, म्हणून काल कढईत मीठ तापवून, वर डबा ठेवून केलं. जळगावची केळी होती, चार काळी पडलेली, ती संपवायची म्हणून. पाऊण तास लागला. कडा जरा लागल्या, पण बायकोने तोच भाग मागून घेतला.

वाईट नाही. पण मी ते चार वाजता चहाबरोबर खाल्लं. सकाळी उकडच होती.

ओव्हनवाली:
चार वाजता तर चार वाजता. मीठ किती किलो घेतलंत कढईत?

वैद्यांची सून:
आणि चहात दूध होतं का?