टँकमध्ये शार्कसारखा दिसणारा मासा हवाय, कुठला घेऊ?

ठाणेकर_बाबा
शनिवारी आणायला जायचंय, म्हणून थेट विचारतो. मुलाला शार्क हवाय. दुकानात तीन दाखवले: बाला शार्क, रेनबो शार्क आणि एक नुसताच 'शार्क', चंदेरी, चपट्या डोक्याचा, मिशा असलेला. तिन्ही गोड्या पाण्यातले म्हणाले. टिकेल कुठला तेवढं सांगा.

मासेमित्र
टँक केवढा? आत आणखी कोण आहे? पाणी नळाचं की बोअरचं?

ठाणेकर_बाबा
मोठा आहे. पाणी नळाचं, फिल्टर चालू. मुद्द्यावर या ना प्लीज.

मासेमित्र
हाच मुद्दा आहे. मोठा म्हणजे किती? टेप लावा.

रेवा७
तो मिशावाला घेऊ नका, हात जोडून सांगते. यातला एकही खरा शार्क नाही, आणि हा तर मेकाँग नदीतला पंगास आहे. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण मीटरभराच्या पुढे वाढतो. त्यात भयंकर भित्रा, अचानक दिवा लागला तरी काचेवर धडकतो. तोंड फुटलेले पंगास मी पाहिलेत, फार वाईट वाटतं. दुकानदार हे सांगत नाहीत.

खवय्या_कोकण
हॉटेलात बासा म्हणून देतात तो हाच ना?

मासेमित्र
बासा ही जवळची वेगळी जात. पण आपल्याकडे त्या नावानं बहुतेक पंगासच खपतो.

खवय्या_कोकण
मग मी बोंबीलच खाईन. सुरमईचा भाव काय चाललाय ठाण्यात?

नंदू_अ‍ॅक्वा
बाला घ्या हो. माझ्याकडे आहेत, एकदम शांत, आणि आकार बघाल तर हुबेहूब शार्क. उगाच घाबरवतात लोक.

रेवा७
नंदू, तुमचा टँक सहा फुटी आहे, ते लिहा की. बाला फूटभर होतो आणि पाच-सहांच्या थव्यात राहतो. एकटा ठेवला की बुजतो.

नंदू_अ‍ॅक्वा
लहान असताना तीन फुटीत चालतात. पुढे टँक मोठा करायचा.

रेवा७
'पुढे' कुणी करत नाही. मग ते मासे तलावात सोडले जातात.

श्रीसदन
टँक ईशान्येला ठेवावा. आठ सोनेरी आणि एक काळा मासा असावा.

ठाणेकर_बाबा
दिशा विचारलेली नाही. मोजला: तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. आत दोन गोल्डफिश आहेत. दर रविवारी सगळं पाणी बदलतो, स्वच्छ असतो टँक.

मासेमित्र
आता बोलता येईल. काठोकाठ भरला तर १९० लिटर. यात बाला नाही, पंगास तर नाहीच. रेनबो चालेल, पण एकच. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला जगू देणार नाही. साधारण सहा इंच होतो, तळाशी हद्द धरून राहतो, म्हणून दगड-लाकडाची कपार द्या. लाल शेपटीचा काळा शार्क दाखवतील, तो याहून भांडखोर.

गोल्डफिशबरोबर मात्र नको. त्यांना थंड पाणी मानवतं, रेनबोला २४ ते २७ अंश लागतं, आणि तो त्यांच्या मागे लागेल. पाणी सगळं बदलू नका, आठवड्याला पाव भाग पुरे, अँटीक्लोरीन घालून. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात, नळाच्या क्लोरीननं ते मरतात.

घाटमाथा
आपल्याच सह्याद्रीतला डेनिसन कुणी सुचवत नाही? दुकानात रोझलाइन शार्क म्हणतात. काळा पट्टा, वर लाल रेघ, केरळच्या नद्यांतला. थवा पळतो तेव्हा नजर हटत नाही.

रेवा७
देखणा आहे, पण सहा तरी हवेत, आणि त्यांना चार फुटी टँक व वाहतं पाणी लागतं. शिवाय निसर्गात तो धोक्यात आलाय. हॅचरीत वाढवलेलाच घ्यावा.

ठाणेकर_बाबा
ठरलं, रेनबो एकच. गोल्डफिश मेव्हणे नेतात, त्यांच्याकडे टँक आहे. वरचं झाकण मात्र नाहीये, चालेल ना?

मासेमित्र
नाही चालणार, उडी मारतो. शनिवारी आधी काच कापून घ्या, हवेला फट ठेवून. मासा पुढच्या आठवड्यात.