नूतनीकरणाच्या वेळी टायर आणि रिमचे ॲड-ऑन घ्यावे का?

बोरीमार्गे वेर्णा (फोंडा) :

सर्वांना नमस्कार. माझ्या गाडीला पुढच्या महिन्यात वर्ष पूर्ण होत असून ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) विम्याचे नूतनीकरण करायचे आहे. थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) विमा गाडी घेतानाच तीन वर्षांचा भरावा लागल्यामुळे तो प्रश्न नाही. शोरूमकडून आलेल्या कोटेशनमध्ये झिरो डेप्रिसिएशन (जुनेपणाची कपात न करता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट यांच्याखाली 'टायर कव्हर' अशी एक ओळ आहे. तिचा हप्ता १,८५० रुपये, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून २,१८३ रुपये होतो. पहिल्या वर्षी हे ॲड-ऑन, म्हणजे मूळ विम्यावर जादा हप्ता भरून घ्यायचे संरक्षण, घेतलेले नव्हते.

रोजचे जाणे-येणे फोंडा, बोरी पूल, लोटली, वेर्णा असे आहे आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला जावे लागते. वर्षाला साधारण १५ हजार किलोमीटर होतात. टायर २१५/६० आर १७ या मापाचे, रिम अलॉयच्या. बाहेर दुकानात याच टायरची किंमत ९,५०० रुपये सांगितली, तर कंपनीची अलॉय रिम शोरूममध्ये १४,००० रुपयांना आहे. झिरो डेप्रिसिएशन घेतलेले असताना टायरसाठी पुन्हा वेगळे पैसे का भरायचे, हे मला कळलेले नाही. शोरूममधील मुलाला विचारले, तर 'साहेब, सगळे घेतात' एवढेच उत्तर मिळाले.

निवृत्त सर्वेक्षक (मडगाव) :

मूळ पॉलिसीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत टायर आणि ट्यूब यांचे नुकसान वगळलेले असते; त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच ते विचारात घेतले जाते आणि तेव्हाही कंपनीची जबाबदारी नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपुरती राहते. ही तरतूद २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधली आहे. पुढे दरांवरचे नियंत्रण उठले, तरी पॉलिसीची भाषा बव्हंशी तीच राहिली. त्यामुळे खड्ड्यात चाक आदळून केवळ टायर फुटला आणि बंपर, सस्पेन्शन वगैरे शाबूत राहिले, तर मूळ पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. झिरो डेप्रिसिएशनने यात सहसा फरक पडत नाही, कारण बहुतेक कंपन्यांच्या त्या ॲड-ऑनमध्येही टायर, ट्यूब आणि बॅटरी बाजूला ठेवलेल्या असतात.

रिमचे मात्र तसे नाही आणि ही गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. रिम हा गाडीचा धातूचा भाग आहे, त्यामुळे अपघाताने ती वाकली किंवा तडकली तर मूळ ओन डॅमेज विम्यातूनच दावा करता येतो. धातूच्या भागांवर वयानुसार घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागतो : पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १० टक्के, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. झिरो डेप्रिसिएशन असल्यास तोही कापला जात नाही. वर सक्तीची वजावट म्हणून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये स्वतःचे घालावे लागतात. खरी किंमत मोजावी लागते ती नो क्लेम बोनसमध्ये. दावा नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी ही हप्त्यावरची सवलत चढत जाते आणि एका दाव्याने पुन्हा शून्यावर येते. टायर कव्हरखालील दाव्यानेही बोनस जातो की नाही, हे त्या त्या कंपनीच्या शब्दरचनेवर ठरते. तेवढे उत्तर ईमेलने लेखी मागून घ्यावे.

आता तुमच्या ॲड-ऑनकडे येतो. यातली मुख्य गोष्ट म्हणजे टायरच्या नक्षीची उरलेली खोली. नवा टायर साधारण ८ मिलिमीटर खोलीचा असतो आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेला की तो कायद्यानेच रस्त्यावर चालवण्यायोग्य राहत नाही. बऱ्याच कव्हरमध्ये भरपाई याच खोलीनुसार टप्प्याटप्प्याने उतरते. प्रत्येक कंपनीचे कोष्टक निराळे असते, पण ४ मिलिमीटरला निम्मी भरपाई असे उदाहरणादाखल धरले, तर तुमच्या ९,५०० च्या टायरचे तिसऱ्या वर्षी ४,७५० रुपये हाती येतील. हप्ता मात्र त्या प्रमाणात कमी होईलच असे नाही. म्हणून माझे मत असे की हे कव्हर घ्यायचेच असेल तर टायर नवे असताना घ्यावे. तुमच्या १५ हजार किलोमीटरच्या वापरानंतर खोली किती उरली आहे, ते आधी मोजून घ्या; मगच २,१८३ रुपये जास्त की कमी हे ठरवता येईल.

टायरवाला (म्हापसा) :

साहेबांनी कागदाची बाजू नीट मांडली आहे, म्हणून मी फक्त दुकानात काय येते ते सांगतो. लोकांना वाटते की मोठ्या खड्ड्यानेच टायर जातो. आमच्याकडे येणाऱ्या फाटलेल्या टायरांपैकी पुष्कळांचे कारण हॉटमिक्सची कड असते. गावातल्या अरुंद रस्त्यावर थरावर थर चढवून डांबराची उंची वाढत जाते, बाजूची माती मात्र पावसात वाहून जाते आणि समोरून बस किंवा खनिजाचा ट्रक आला की साइड देताना डावे चाक त्या कडेवरून खाली उतरते. परत वर घेताना कडेची धार टायरच्या बाजूच्या भिंतीला चिरते. ही भिंत पातळ असते आणि तिच्यावरचा चीर कोणत्याही पॅचने सुरक्षितपणे दुरुस्त होत नाही, म्हणून नक्षी नवी असली तरी टायर टाकूनच द्यावा लागतो. पावसाळ्यात तात्पुरते बुजवलेले खड्डे तर आणखी वाईट, कारण भरलेली खडी आणि चिऱ्याचे तुकडे दोन पावसांत सुटतात आणि वर पाणी साचल्यामुळे दिसतही नाहीत.

दुसरा प्रकार फुग्याचा. चाक आदळले की टायरच्या आतले धागे तुटतात आणि तिथे हवेने फुगवटा येतो. तो लगेच दिसेलच असे नाही, आणि आतल्या बाजूला असेल तर गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय कळतच नाही. दावा करताना इथेच अडचण येते, कारण कंपनी घटनेची तारीख आणि जागा विचारते आणि मालकाला तो धक्का आठवतही नसतो. जोराचा दणका बसला की त्याच आठवड्यात चारही चाके आतून-बाहेरून पाहून घ्यावीत, एवढेच मी गिऱ्हाइकांना सांगतो. हवेचा दाबही दरवाजाच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणेच ठेवावा. हवा कमी असली की रिम आणि खड्डा यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. दाब चुकीचा ठेवल्याने झालेले नुकसान तर कव्हरमधून वगळलेले असते.

आणखी एक. काही टायर कंपन्या ठरावीक मॉडेलवर, खरेदीनंतर ठरावीक मुदतीत नोंदणी केल्यास, रस्त्यावरच्या नुकसानीचीही वॉरंटी देतात. गाडीबरोबर आलेल्या टायरला ती लागू होईलच असे नाही. पण पुढे बदललेल्या टायरवर अशी वॉरंटी असेल तर त्याच धोक्यासाठी दोनदा पैसे भरण्यात अर्थ नाही.

साखळीची वाचक :

माझ्याकडे हे कव्हर गेल्या वर्षी होते आणि दावाही केला, त्यामुळे प्रत्यक्षातली गोष्ट लिहिते. केबलसाठी खोदून अर्धवट बुजवलेल्या चरात पुढचे डावे चाक आदळले, टायरची भिंत फाटली आणि अलॉयची कड वाकली. कंपनीला त्याच दिवशी कळवले. त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहणी केली आणि नक्षीची खोली गेज लावून दाखवायला सांगितली. टायरचे ७५ टक्के पैसे मिळाले, तेही त्याच टायर कंपनीच्या त्याच मॉडेलचे बिल लावल्यावर. रिमचे पैसे मात्र या कव्हरखाली नाकारले, कारण माझ्या कागदावर फक्त टायर आणि ट्यूब असे शब्द होते. ओन डॅमेजमधून रिमचा दावा करा, असे त्यांनी सुचवले. वजावट आणि जाणारा बोनस मांडून पाहिल्यावर रिम स्वतःच्या पैशांनी सरळ करून घेणे स्वस्त पडले.

तक्रार म्हणून हे लिहीत नाही, कागदात जे होते तेच मिळाले. पण नाव 'टायर कव्हर' असो की 'टायर अँड रिम', आत काय लिहिले आहे ते वेगळे असू शकते. साधे पंक्चर बहुधा कुठेच मिळत नाही आणि आख्खे चाक चोरीला गेले तरी या कव्हरचा उपयोग होईल असे समजू नये. वर्षात किती टायर बदलून मिळतील, यालाही मर्यादा असते.

तिसवाडीकर :

मी थोडे उलटे मत मांडतो. माझ्या छोट्या गाडीला १४ इंची टायर आणि लोखंडी रिम आहेत. टायर साडेचार हजारांच्या आत येतो आणि रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अशा गाडीला दरवर्षी हप्ता भरून, फॉर्म भरून, पाहणीसाठी गाडी दोन दिवस उभी ठेवून शेवटी दोन-तीन हजार रुपये मिळवण्यापेक्षा तीच रक्कम बँकेत बाजूला ठेवलेली बरी. विमा अशा नुकसानीचा उतरवावा, जे झाल्यास घरखर्च कोलमडेल. एक टायर हा तसा खर्च नाही.

प्रश्नकर्त्याच्या गाडीचेही गणित पाहा. २,१८३ रुपये चार वर्षे भरले तर ८,७३२ रुपये होतात. चार वर्षांत एकही टायर फाटला नाही, तर जवळजवळ एका नव्या टायरची किंमत गेली. शेवटच्या वर्षांत फाटला, तर भरपाई तुटपुंजी. पहिल्या दोन वर्षांत फाटला, तरच फायदा.

निवृत्त सर्वेक्षक (मडगाव) :

तिसवाडीकरांच्या गाडीपुरते त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. चार वर्षांच्या हिशेबाला मात्र माझी एक हरकत आहे : हे ॲड-ऑन चारही वर्षे घेतलेच पाहिजे असे कोणी सांगितले? ते दरवर्षी नूतनीकरणाला घेता किंवा सोडता येते. मोठ्या मापाच्या आणि रिमवर बसणाऱ्या रबराची उंची कमी असलेल्या टायरला धोका अधिक आणि किमतही अधिक, म्हणून खोली भरपूर आहे तोवर घ्यावे आणि टायर झिजले की सोडून द्यावे. पुढे चारही टायर नवे टाकले, तर त्यानंतरच्या नूतनीकरणाला पुन्हा विचार करता येईल.

बोरीमार्गे वेर्णा (फोंडा) :

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीकडून ॲड-ऑनची पूर्ण शब्दरचना मागवली. त्यात टायर, ट्यूब आणि रिम तिन्ही आहेत, वर्षाला दोन टायरची मर्यादा आहे आणि ५ मिलिमीटर किंवा जास्त खोली असल्यास घसारा नाही. बोनसबद्दल ईमेलवर उत्तर आले की केवळ या कव्हरखालील एका दाव्याने तो जाणार नाही. दुकानात मोजले तेव्हा पुढच्या टायरांची खोली साडेपाच आणि मागच्यांची सहा मिलिमीटर निघाली. या वर्षापुरते घ्यावे असे वाटते आणि पुढच्या वर्षी बहुधा सोडून देईन. एक शंका उरली : मागच्या उजव्या टायरच्या भिंतीवर एक जुना, वरवरचा ओरखडा आहे. त्यामुळे पुढे दावा अडेल का?

निवृत्त सर्वेक्षक (मडगाव) :

तुमच्या आकड्यांवर मीही घेतले असते. पुढचे टायर मात्र काही महिन्यांतच ५ च्या खाली जातील; मागच्यांशी अदलाबदल करून घेतल्यास चारही सारखे झिजतील आणि पूर्ण भरपाईची मुदत थोडी लांबेल.

ओरखड्याबद्दल : कव्हर सुरू होण्यापूर्वीचे नुकसान देय नसते आणि पाहणी करणारा तो ओरखडा आणि नंतरचा चीर एकच असल्याचे म्हणू शकतो. म्हणून धागे दिसत नाहीत याची म्हापसेकरांसारख्या जाणकाराकडून खात्री करून घ्या आणि नूतनीकरणापूर्वी चारही टायरचे बाहेरून व आतून फोटो काढून ते कंपनीलाच ईमेल करा. प्रत्येक टायरवरचा अनुक्रमांक आणि शेवटचे चार अंक, म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, फोटोत स्पष्ट यायला हवेत. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पुढे टायर फाटलाच, तर गाडी त्यावर ओढत नेऊ नका, कारण फाटलेल्या टायरवर चालवल्याने झालेले पुढचे नुकसान तुमच्या माथी येईल. स्टेपनी लावा, पण फाटलेला टायर पाहणी होईपर्यंत दुकानदाराला देऊ नका. कंपनीने दाद दिली नाही, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि मग विमा नियामक इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर जाता येते. तिथे हेच फोटो कामी येतील.